चार मिनिटं काढा म्हणे!

मित्रांनो, आज डोकं फिरलंय, म्हणून इथं लिहून राहिले.

मी नागपुरात छातीची सर्जन आहे. शिकाऊ डॉक्टरांसाठी वर्षभर खपून ऑपरेशनच्या व्हिडिओंचा अभ्यासक्रम तयार केला. त्यातली चार मिनिटं माझ्या चुकीची आहेत. फुप्फुसातली गाठ काढताना माझ्या हातून रक्तवाहिनी फाटली. बोटानं दाबून धरून मी ती शिवली. पेशंट बरा झाला आणि व्हिडिओ दाखवायला त्यानं लेखी परवानगीही दिली.

आज दुपारी अभ्यासक्रमाला मंजुरी देणाऱ्या हॉस्पिटलच्या समितीचे प्रमुख म्हणाले, "मॅडम, तेवढी चार मिनिटं काढा. हॉस्पिटलचं नाव खराब होते." त्या जागी त्यांना स्वतःचं भाषण हवंय!

बाहेर आल्यावर माझ्या हाताखाली शिकणारी रेसिडेंट डॉक्टर प्राची म्हणाली, "मॅडम, सगळं नीट झालेलं तर कुठंही पाहायला भेटते. रक्त उडालं तर काय करायचं, हे आमाले कोण दाखवन?"

मी व्हिडिओची फाइल समितीकडे तशीच परत पाठवली, एक सेकंदही न कापता. आता सगळा अभ्यासक्रमच अडकणार, हे ठाऊक आहे.

तुमच्या घरच्या माणसाची छाती उघडणाऱ्या डॉक्टरानं अशी चूक सावरताना आधी कुणाला तरी पाहिलेलं असावं, असं तुम्हाला वाटत नाही का?