उकंडाची ओ

नुजहत सिस्टर नळीचे तोंड पुसू लागली की तिचे ओठ हलत.

कापसावर फवारताना विष अंगात भिनलेली माणसे त्या साली यवतमाळच्या अतिदक्षता विभागात पडून होती. कुणाच्या मानेतून थेट हृदयाच्या दारापर्यंत नळी गेलेली. ज्या वाटेने औषध जाते, त्याच वाटेने मळही रक्तात उतरतो. म्हणून नुजहत आधी हात धुई, मग स्पिरिटच्या बोळ्याने नळीचे तोंड घासघासून पुशी, आणि तेवढा वेळ एकच नाव जपे. उकंडा.

आधीची लेकरे दगावली म्हणून त्या पोराच्या आईने ते उकिरड्याचे नाव ठेवलेले. घाण समजून मरणाने पोराला ओलांडून जावे! विषातून उकंडा सावरलाही होता. पण सिस्टरची पाठ वळताच माउलीने मानेवरची पट्टी उचलून आत विभूती सारली. केवढी ती माया! पोराला अशी हुडहुडी भरली की लोखंडी खाट वाजू लागली. पोर गेले. खाट नुजहतच्या कानात अजून वाजते.

आता त्याच खाटेवर देवराव होता. त्याची बायको इंदुताई पुडी उघडून उभी राहिली.

"सिस्टर, मानेले येवढी विभूत लावू द्या न."

"कपाळाले लावा मावशी. मानेले नाही."

"काहून? देव काय मानेनं बाटते?"

"देव नाही बाटत. राखेसंग मळ आत जाते, अन् मंग ताप."

खाट वाजली. नुजहतने दचकून पाहिले. देवराव शांत होता.

"अन् तुमी काय पुटपुटता? अल्लाचं नाव?"

"नाही. एका पोराचं. उकंडा."

इंदुताईने नाव ऐकले आणि सगळे समजली. "गेला काय वं?" एवढेच विचारून तिने हात धुतले, विभूती कपाळापुरतीच लावली.

नुजहत रोज डॉक्टरांना विचारी, "सर, नळी अजून लागते का?" अखेर एका सकाळी ते म्हणाले, "नाही. काढून टाका."

देवरावला ताप नव्हता. नुजहतने नळी काढली, जखम दाबून धरली. पुसायला आता काही उरले नव्हते, तरी ओठ हललेच, "उकंडा..."

"ओ!"

तिने मान वळवली. मागे इंदुताई हात जोडून उभी होती.

"कोणीतरी ओ द्याले पायजे न, माय. किती दिवस हाका मारून राह्यली तू त्याले."

त्या दिवशी खाट वाजली नाही.