आमच्या वस्तीत सायकली नाहीत

मी सायकलच्या सीटवरून उतरले तर स्टँडवर सायकलची वाट बघत थांबलेल्या बाईंनी पर्समधून सॅनिटायझर काढला. सीटवर फवारला. हँडलवर फवारला. मग पर्समधला रुमाल माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "नीट पुसून दे. तू बसली होतीस ना?"

मी पुसून दिली. लपवत नाही. मुकाट्यानं पुसून दिली.

मी सोलापुरात ठेकेदाराकडं झाडूकाम करते. सकाळी बागेपुढचा रस्ता, तो झाला की पार दुसऱ्या टोकाचा. मधे पाऊण तास चालायचं. गुडघे गेलेत. दोन्हीकडं भाड्याच्या सायकलींचा स्टँड हाय. मोबाइलवर कुलूप उघडायचं, दुसऱ्या स्टँडवर नेऊन लावायची. पाटीवर लिहिलंय, 'सर्वांसाठी'. मुलीनं माझ्या मोबाइलवर सगळं भरून दिलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा बसले. झाडू मागं बांधलेला. अंगात कामाचं जाकीट. बाईंना तेवढं पुरलं.

घरी मुलीला सांगितलं. ती कॉलेजला चालतच जाते, कारण आमच्या वस्तीत स्टँड नाही. ती एवढंच बोलली, "आई, तू पुसलीस?"

त्या रात्री जेवण गेलं नाही. बाईंचा राग नव्हता आला. माझाच आला होता.

सोमवारी सायकलवाल्या कंपनीच्या ऑफिसात गेले. सोबत शेजारची लक्ष्मीबाई. घरी तेलगू बोलते, टॉवेलच्या कारखान्यात जाते, तीही पायीच. वस्तीत स्टँड द्या म्हणून अर्ज दिला. साहेबानं पत्ता वाचला आणि अर्ज बाजूला सारला.

"तुमच्या भागात जमणार नाही. तिथं सायकली राहतील का?"

लक्ष्मीबाईनं मला विचारलं, "म्हंजे काय म्हनला ओ?"

"आपन चोर हाव म्हनतोय," मी मोठ्यानं सांगितलं.

साहेब हसल्यासारखं करत म्हणाला, "मावशी, मी तसं कुठं म्हणालो?"

"मग काय म्हनलात तेवढं लिवून द्या. खाली सही करा."

मी खुर्ची सोडली नाही. साहेबानं पेन उचललं नाही. जेवायची वेळ झाली म्हणून उठून गेला. आम्ही दोघी तासभर बसलो, मग चालत घरी आलो. त्या दिवसाचा खाडा पडला. मुकादम म्हणाला, पुन्हा असं केलंस तर कामावर येऊ नकोस.

पुढच्या सोमवारी गेले. साहेब मीटिंगला. त्याच्या पुढच्या सोमवारी साहेब बाहेरगावी.

थकलेय मी. खोटं कशाला बोलू. पण मला बाईंची माफी नको, साहेबाचा चहा नको. वस्तीत स्टँड द्या, नाहीतर का देत नाही ते सहीनिशी लिहून द्या. येत्या सोमवारीही मी जाणार. काम गेलं तरी जाणार.