पारोसं मशीन

लेथ मशीनला अंघोळ घालत नाहीत. हे जगात सगळ्यांना माहीत असतं, असं मला नंतर सांगण्यात आलं.

मी मूळचा कोडोलीचा, म्हशींच्या घरातला. शाहूपुरीतल्या साड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर पदर उलगडून दाखवणं ही माझी नोकरी. माझे सासरे आण्णा यांचा जवळच्याच गल्लीत एका लेथचा कारखाना. (एका लेथचा म्हणजे तिथे लोखंड कातायचं ते एकच मशीन. तरी त्याला कारखानाच म्हणायचं, नाहीतर आण्णा जेवत नाहीत.) गुडघ्यांनी संप पुकारल्यावर आण्णांनी जाहीर केलं, "जावईबापू, यंदा खंडेनवमीला मशीनची पूजा तुमच्या हातनं. दसऱ्यापास्नं कारखाना तुम्हीच बघायचा."

मला इतका आनंद झाला की मी दुसऱ्याच दिवशी दुकान सोडलं! माझी बायको वैशाली त्या लेथच्या आवाजात लहानाची मोठी झालेली. तिने फक्त एवढंच विचारलं, "अहो, मशीन कुठनं सुरू हुतंय, ते तरी म्हाईत हाय का?"

मी म्हणालो, ते दसऱ्यानंतर बघू.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आण्णा सकाळीच नेसरीला पाहुण्यांकडे गेले. जाताना म्हणाले, "तेवढं मशीन पुसून ठेवा." पुसून. शब्द साधा होता आणि मला समजलाही होता. पण सणासाठी माझी आई कोडोलीहून आली होती. ती हौसेने कारखाना बघायला आली, लेथभोवती एक फेरी मारली आणि तिने नाक मुरडलं.

"दत्ता, ह्येला शेवटची अंघोळ कवा घातलीया?"

"मशीनला कोन अंघोळ घालतंय, आई?"

"मग उद्या पारोसंच पुजनार व्हय? तुझ्या कारखान्याची सुरवात पारोशानं?"

आमच्या घरात ज्याची पूजा करायची त्याला आधी अंघोळ. मग तो देव असो, बैल असो की ट्रॅक्टर. मला तिचं म्हणणं शंभर टक्के पटलं. मी बादल्या भरायला घेतल्या.

लेथचा बेड म्हणजे मशीनचा लांब, सपाट पाट. त्यावरून बाकीचे भाग सरकतात. तो काळपट, तेलकट दिसत होता. आईने काथ्याचा घासणा, साबणाची पावडर आणि देवाची भांडी घासायची चिंच काढली. (चिंच घेतल्याशिवाय ती सणाला घराबाहेर पडत नाही.) हात लावण्याआधी तिने विचारलं मात्र, "हे कशाचं हाय रं?"

मी साडीचा पोत बघावा तसं त्यावर बोट फिरवलं आणि म्हणालो, "स्टील."

झालं! आम्हा मायलेकांनी त्या लेथला म्हशीसारखं घासलं. मी तर सवयीने त्याच्या पाठीवर थाप मारून "सरक" असंही म्हणालो. बेड चांदीसारखा लखलखला. मी फोटो काढून वैशालीला पाठवला. तिचा लगेच फोन.

"अहो, हे ओलं का दिसतंय?"

"अंघोळ घातली की."

ती ओरडली, "कोरडं करा. आत्ताच्या आत्ता. मी येतेय."

"वाळंल की गं," मी म्हणालो, आणि मी नि आई जेवायला बसलो.

हात धुऊन बघतो तर बेड भगवा! आईने वर बोट घासलं, ते माझ्या नाकासमोर धरलं आणि म्हणाली, "आरं, हे तर बीड हाय. आपल्या बिडाच्या तव्यासारखं. बिडाला कुनी चिंच लावतंय व्हय? तू स्टील म्हनालास."

आता तव्याला जे करतात तेच करायचं, असं आम्ही ठरवलं. आईने शेंगतेलाची अख्खी बाटली बेडवर ओतली. गंज सुटला, तेलात मिसळला आणि तवंग आला. समोर आठ फूट तांबडा रस्सा तयार!

तेवढ्यात वैशाली आली. तिने ते बघितलं आणि स्टुलावर बसून कपाळाला हात लावला. "डिझेलनं पुसायचं, बारीक पॉलिश पेपर मारायचा, मग मशीनचं तेल. संध्याकाळ हुईल," ती म्हणाली. आणि आण्णांचा फोन आला, "स्टँडवर उतरलोय. रिक्षानं येतोय."

दुकान सोडलेलं, आणि कारखाना हाती येण्याआधीच चाललेला. जवळ होत्या फक्त उद्यासाठी आणलेल्या झेंडूच्या माळा. त्या आम्ही बेडवर अशा दाट पसरल्या की खाली लेथ आहे हे ओळखू येईना.

आण्णा दारातच थांबले. त्यांचे डोळे भरून आले. "खंडेनवमी उद्या, आनि आजच एवढं सजवलं? विहीणबाई, काय पोरगं दिलंसा आमाला!"

इथवर सगळं उत्तम चाललं होतं. पण आण्णा पुढे आले, त्यांनी माळा थोड्या बाजूला केल्या आणि डोळे मिटून बेडवर माथा टेकला. उठले तेव्हा कपाळावर जाड नारिंगी टिळा होता. त्यांनी तो बोटाने पुसून हुंगला. "शेंगतेल," ते म्हणाले. पुन्हा हुंगला. "चिंच?" मग त्यांनी सगळ्या माळा एका हाताने ओढून काढल्या.

आता जावयाला सासऱ्याने बोलायचं नसतं. आण्णा रीत पाळणारे. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. ते लेथकडे वळले.

"तुला तोंड न्हाई व्हय रं? इतकी वर्सं माझ्यासंगं काढलीस, आनि बादली अंगावर येताना गप ऱ्हायलास? आपुन बीड हाय, एवढं सांगता आलं न्हाई? कुनी बी यावं, तुला धुवावं, तू आपला मुकाट भिजतोयस."

मी मान खाली घालून उभा. आई पदराआड. बराच वेळ झाला तरी आण्णा थांबेनात, तेव्हा मलाच राहवेना. मी म्हणालो, "आण्णा, चुकलं त्याचं. पदरात घ्या."

"जावईबापू, तुम्ही मधी पडू नका," आण्णा म्हणाले, आणि पुन्हा लेथला सुरुवात केली.

तोवर वैशालीने पदर खोचला होता. तिने डिझेल आणलं, पॉलिश पेपर घेतला आणि गंज काढत गेली. दिवस मावळायच्या सुमारास बेड करडा, कोरडा आणि तुळतुळीत झाला. तिने वर मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवला. आण्णांनी तळवा ठेवून बघितला आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "उद्याची पूजा वैशू करंल."

मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं.

तेव्हापासून कारखाना वैशाली चालवते आणि झकास चालवते. मी गिऱ्हाइकांना खुर्ची देतो, चहा सांगतो. मशीनजवळ जायचं असेल तर मात्र आधी तिला दोन्ही तळहात दाखवावे लागतात. (घामानेही बीड गंजतं, हे आता मला पाठ आहे.) हात कोरडे असले तर आत, ओले असले तर परत. अजून एकदाही मी आत गेलेलो नाही, कारण ती समोर येऊन "हात बघू" म्हणाली की मला घाम फुटतो.