आईच्या तोंडी घातलेलं वाक्य

हिंजवडीतल्या कंपनीने आमचा अख्खा विभाग बंद केला तेव्हा मी पंचेचाळिशी ओलांडली होती. यंत्रांसोबत येणाऱ्या माहितीपुस्तिका मराठीत आणायच्या, हे आमचं काम. ते आता संगणक करणार होता. त्याच सुमारास अमरावतीला आईला अर्धांगाचा झटका आला आणि मी तिला वाकडच्या माझ्या फ्लॅटवर घेऊन आले. तिला सोडून बाहेर नोकरी करणं शक्य नव्हतं. तेव्हा एका जुन्या सहकारिणीने सांगितलं की अमुक एका ॲपवर पोस्ट लिहिणाऱ्यांना पैसे मिळतात. किती जणांनी वाचलं, किती वेळ रेंगाळले, खाली काय बोलले, यावर सगळं ठरतं. म्हणाली, तुझं मराठी चांगलं आहे, तुला काय अवघड?

अवघड काय ते लवकरच कळलं. मी मन लावून वऱ्हाडातल्या उन्हाळ्यावर लिहिलं, ते माझ्या मावशीने आणि आणखी दोघा-चौघांनी वाचलं. एकदा वैतागून पुण्यातल्या दुकानदारांच्या तुसडेपणावर दहा ओळी खरडल्या, तर खाली दोन फळ्या पडल्या. मूळचे पुणेकर एकीकडे, बाहेरून आलेले दुसरीकडे. आठवडाभर लोक एकमेकांचे आईबाप काढत होते आणि ॲप मला शाबासकी देत होतं. त्या पोस्टचे पैसे आले, उन्हाळ्याचे आले नाहीत. तो इशारा न कळण्याइतकी मी भोळी नव्हते. पण भांडणं लावायला रोज उठून नवं काही सुचत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर लाजही वाटत होती.

मग ती मंडईची गोष्ट घडली. झटक्यानंतर आईची वाचा गेली होती. राहिला होता फक्त होकार. चहा हवा का, हौ. दुखतंय का, हौ. टीव्ही बंद करू, हौ. डॉक्टरांनी सांगितलं होतं की ओळखीच्या वस्तू दाखवा, ओळखीच्या जागी न्या. अमरावती दूर होती, म्हणून एका सकाळी रिक्षा करून तिला मंडईत नेलं. एका भाजीवालीकडे अंबाडीच्या जुड्या दिसल्या. आईने एक जुडी उचलली, देठ दाबून बघितले, वास घेतला. भाजीवालीने भाव सांगितला. आईने जुडी परत ठेवली आणि स्पष्ट म्हणाली, "लय महाग हाये."

मी तिथेच रडायला लागले. भाजीवाली बिचारी घाबरली. तिला वाटलं, भावावरूनच रडतेय ही. तिने घाईघाईने दोन जुड्या पिशवीत कोंबल्या आणि एकीचेच पैसे घेतले.

घरी येऊन मी हे जसं घडलं तसं लिहिलं. शेवटचं वाक्य होतं "लय महाग हाये." पोस्ट बऱ्यापैकी वाचली गेली. दोन दिवसांनी वाचताना एक वेलांटी चुकलेली दिसली. आयुष्य शुद्धलेखन तपासण्यात गेलेलं; ती चूक मला बघवेना. दुरुस्त केली.

पुढच्या आठवड्यात अमरावतीहून भावाचा मेसेज आला. त्याने एक पोस्ट पाठवली होती, लाखो लोकांपर्यंत गेलेली. सोबत एका म्हातारीचं चित्र, संगणकाने काढलेलं, गालावर मोत्यासारखा अश्रू. मजकूर माझा होता. रिक्षा माझी, अंबाडी माझी, देठ दाबून बघणंही माझ्या आईचं. फक्त मुलीचा मुलगा झाला होता आणि शेवट बदलला होता. त्यातली आई जुडी खाली ठेवून म्हणते, "बाळा, तू जेवलास का?"

खाली भावाने लिहिलं होतं, "वाच. अगदी आपल्या आईसारखं आहे. तू पण असं काहीतरी लिही ना."

मी ॲपकडे तक्रार केली. उत्तर यायच्या आधी माझीच पोस्ट उडाली. मजकूर मूळचा नाही, असा शेरा. वेलांटी दुरुस्त केली त्या दिवसाचीच तारीख यंत्राने माझ्या पोस्टची मानली होती, आणि तोवर चोरीची पोस्ट झळकून गेली होती. म्हणजे चोर मी. माझी कमाईही थांबवण्यात आली. मी पुन्हापुन्हा लिहिलं, जुने मसुदे जोडले. दर वेळी तेच उत्तर: आम्ही आपल्या भावना समजतो. मराठी इतकं लाकडी होतं की मला माझ्या गेलेल्या नोकरीची आठवण झाली.

हेही मी गिळलं असतं. पण ती पोस्ट फिरत फिरत नातेवाइकांत पोहोचली होती आणि भावाने कुणालातरी हौसेने सांगितलं होतं की ही आपल्या घरचीच गोष्ट वाटते. मावशीचा फोन आला. मी तो आईच्या कानाशी धरला. मावशीने विचारलं, "खरंच बाळा म्हणालीस का वं तू?" आई म्हणाली, "हौ." मावशी तिकडे हुंदके देऊ लागली.

चोरीची पोस्ट ज्या पानावर आली होती, तिथे जाहिरातींसाठी म्हणून फोन नंबर दिलेला होता. मी फोन केला. समोरच्याला वाटलं, गिऱ्हाईक आहे. त्याने लोणी काळभोरला बोलावलं. आईजवळ शेजारच्या काकूंना बसवून मी बस बदलत तिथवर गेले. खत-बियाण्यांच्या दुकानावर एक खोली होती, तिथे दोन संगणक मांडलेले. माणूस पस्तिशीचा, शेतकरी घरातला, बोलायला मऊ. मी कोण ते कळल्यावर तो उठून उभा राहिला. त्याने चहा मागवला. नाकारलं काहीच नाही.

"चोरी म्हणा ताई, मी नाही म्हणत नाय. वाचून मला रडू आलं म्हणूनच टाकली."

"मग शेवट का बदलला?"

"महागाईवर कोन रडतंय?" तो म्हणाला. त्यात कुचेष्टा नव्हती. दुकानदार मालाबद्दल बोलतो तसा बोलत होता.

मग त्याने त्याचं दुखणं सांगितलं. ॲप दर थोड्या दिवसांनी नियम बदलतं, पैसे अडकवून ठेवतं, कारण सांगत नाही. म्हणून एकाऐवजी अनेक पानं चालवावी लागतात, आणि इतक्या पानांना रोज खाऊ घालायला स्वतःचं कुठून आणणार? मला म्हणाला, तुम्हीच लिहून देत जा, निम्मे तुमचे. आई, बाप, गाव, एवढं आलं की झालं. ते ऐकताना क्षणभर मी मनात हिशेब केला, याचा मला अजून राग येतो.

मी म्हटलं, पैसे नकोत, नाव नको. शेवटचं वाक्य तेवढं परत घाला. ते तिचं आहे. त्याने माझ्यासमोर बदललं. मला स्टँडपर्यंत सोडायलाही आला.

तीन-चार दिवस तो शेवट टिकला. खाली लोक विचारत होते की आधीचं चांगलं होतं, बदललं कशाला. एकाने लिहिलं की अशी कुठली आई असते? मग त्याचा मेसेज आला: "ताई सॉरी. पोस्ट पडायला लागली. जुनं केलं परत."

मी भावाला फोन करून सगळं सांगितलं. चोरी झाली याचं त्याला वाईट वाटलं, हे खरं. पण फोन ठेवता ठेवता म्हणाला, "एक सांगू? बाळावालं जास्त लागतं गं मनाला."

त्याच दुपारी मी खातं बंद केलं. बंद करताना ॲपने कारण विचारलं. निवडायला सहा-सात कारणं दिली होती: वेळ मिळत नाही, सूचना फार येतात, असली. मी 'इतर' वर बोट ठेवलं. पुढे लिहायला जागा नव्हती.