पाटीवरची वैष्णवी कोण?

मंडळी, दुपारपासून डोकंच सुन्न झालंय.

घरच्या सीएनसी या कोरीवकामाच्या मशीनवर मी लाकडी भेटवस्तू बनवते. निलंग्याच्या एका बाईंनी मुलाच्या लग्नासाठी दारावरची पाटी सांगितली होती, 'रोहित-वैष्णवी'. आज ती न्यायला नवरी मुलगीच आली.

"ताई, दुसऱ्याची दिली का? मी तर प्रियंका हाय."

मी बाईंना फोन लावला, स्पीकरवर. "बरोबर हाय की. लग्नात नाव बदलतोच आम्ही. तिला काय विचारायचं?"

पोरगीनं 'वैष्णवी'वरून बोट फिरवलं. "ताई, कोरलेलं बुजवता येतं का वो?"

मी पाटी पालथी केली अन् मागं 'प्रियंका' कोरून दिलं.

एवढ्या पाट्या कोरल्या, पण स्वतःचं माहेरचं नाव कधीच कोरलं नाही. बायांनो, तुमचं काय होतं? खाली लिहा. माझं शोभा होतं.