भट्टीत मावणारा माणूस

अकोल्याच्या उन्हाळ्यात दुपारची झोप कुठे काढावी, याबद्दल प्रत्येकाचं आपापलं मत असतं. कोणी वाळ्याच्या पडद्यामागे लोळतं, कोणी नुसत्या फरशीवर. मिस्त्रीभाऊ आमच्या बेकरीच्या भट्टीत झोपायचे. विझलेल्या भट्टीत हो, पेटलेल्या नव्हे! मे महिन्यात आम्ही भट्टी थंड करून दुरुस्तीसाठी त्यांच्या हवाली करायचो. सकाळभर आत विटांचं काम करायचं, बाहेर येऊन दणकून जेवायचं आणि पुन्हा आत जाऊन आडवं व्हायचं, असा त्यांचा क्रम. "भट्टी तं बाहेर हाय वैनी, आत गार हाय," असं वर मलाच ऐकवायचे. एकदा एक वकिलीणबाई टोस्ट घ्यायला आल्या. त्यांना भट्टीच्या तोंडातून बाहेर आलेले दोन पाय दिसले आणि त्या अशा किंचाळल्या की मोर्णा नदीच्या पलीकडे ऐकू गेलं असेल. आतून शांतपणे आवाज आला, "मेलो नाई बाई. झोपू द्या."

ही सगळी पन्नास-साठच्या दशकांतली गोष्ट. जुन्या शहरात माझ्या सासऱ्यांची बेकरी होती. मी अमरावतीची, लग्न होऊन आले ती या भट्टीसमोरच. अकोल्यापासून अमरावतीपर्यंत जिथे म्हणून पाव भाजला जाई, तिथल्या भट्टीला आतून मिस्त्रीभाऊंचा हात लागलेला असे. "माह्यासारखा मिस्त्री साऱ्या वऱ्हाडात नाई," हे ते स्वतःच सांगायचे, तेही कोणी विचारलेलं नसताना. आणि ते खरंच होतं, म्हणून जास्त राग यायचा. मी अमरावतीची आहे हे कळल्यावर तर माझी धडगतच नव्हती. "अमरावतीच्या भट्ट्याइचं तोंड मोठं असते वैनी. तिथल्या माणसाइचं बी तसंच." मीही काही ऐकून घेणारी नव्हे. "मग अकोल्याच्या तोंडाला एकदा सिमेंट लावा ना," म्हणायची मी. ते खो खो हसायचे.

आल्या आल्या ते भट्टीकडे ढुंकूनही बघत नसत. "आंदी पाव दाखवा," म्हणायचे. मग आदल्या दिवशीचा पाव हातात घेऊन खालून, वरून, कडेनं न्याहाळायचे. कुठली बाजू करपली, कुठली पांढरी राहिली, यावरून भट्टीला कुठे भेग गेली ते बाहेरूनच सांगायचे. एवढं झालं की तो पाव चहात बुडवून खाऊन टाकायचे. पुरावा नष्ट, असं माझे सासरे म्हणत.

सासऱ्यांचं आणि त्यांचं भांडण मात्र दरसालचं. सासरे भयंकर काटकसरी. एकदा घराच्या ओट्याचं उरलेलं साधं सिमेंट त्यांनी गुपचूप भट्टीच्या भेगेत भरलं. आठवड्यात ते फुटलं आणि त्याचा टवका पावात निघाला. मिस्त्रीभाऊंनी तो टवका तळहातावर घेऊन सासऱ्यांपुढे धरला. "मालक, हे घर बांधाचं सिमेंट हाय. भट्टीत बिऱ्हाड करून राहाचं हाय काय तुमाले?" भट्टीचं सिमेंट वेगळं, आग सोसणारं. ते बाहेरगावाहून पोत्यातून यायचं आणि त्या पोत्याला मिस्त्रीभाऊ दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. काम सुरू करताना सासरे भट्टीपुढे नारळ फोडत. मिस्त्रीभाऊ छप्पनच्या धर्मांतरात बौद्ध झाले, त्यानंतर ते बाजूला उभे राहू लागले. "तुमी फोडा मालक, मी आता हात जोडत नाई. खोबरं मात्र द्या."

लिंपण झालं की खरी कसोटी सासऱ्यांची. ओल्या सिमेंटला एकदम जाळ दाखवला की ते तडकतं. म्हणून पहिल्यांदा मूठमूठ पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, जाळून नुसती ऊब द्यायची आणि लाकडं नंतर. सासऱ्यांना धंदा बुडताना दिसायचा, ते लाकडं घेऊन पुढे सरसावायचे. मिस्त्रीभाऊ भट्टीच्या तोंडाशी ठाण मांडून बसलेलेच! "बाळंतीण हाय ते. आताच कामाले लावता काय तिले?"

त्यांची बायको नेहमी बरोबर असायची. आम्ही तिला मिस्त्रीणबाई म्हणायचो. काडीसारखी बारीक, बोलणं जवळजवळ नाहीच. बाहेर बसून सिमेंट कालवायचं आणि घमेलं नवऱ्याच्या हाती आत सरकवायचं, हे तिचं काम. बोलण्याचं खातं मिस्त्रीभाऊंकडे. जेवणाचंही त्यांच्याकडेच. ज्वारीच्या भाकरी, ठेचा, वर आमचे ताजे टोस्ट. वर्षागणिक पोट सुटत चाललं होतं आणि त्यात आमच्या बेकरीचा वाटा मोठा होता.

एका वर्षी दिवाळी अगदी जवळ आलेली, आणि भट्टीच्या घुमटातल्या विटा निखळून खाली पडल्या. तेव्हा नानकटाई कोणी विकत आणत नसे. बायका घरचं तूप, साखर, मैदा घेऊन आमच्याकडे यायच्या आणि समोर बसून भाजून न्यायच्या. अख्ख्या जुन्या शहराची नानकटाई त्या एका भट्टीतून निघायची. सासऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. भट्टी विझवून निववली, मिस्त्रीभाऊंना निरोप गेला, ते धावत आले आणि सवयीप्रमाणे भट्टीत शिरले. डोकं गेलं, खांदे गेले, पोट अडकलं. शेवटी सासऱ्यांनी आणि माझ्या यजमानांनी पाय धरून त्यांना बाहेर ओढलं.

लाल झालेलं पोट चोळत ते म्हणाले, "मालक, भट्टी आकसली तुमची."

कोणी हसलं नाही. सदरा काढून, कुशीवर होऊन, श्वास रोखून त्यांनी पुन्हा पुन्हा शिरून पाहिलं. नाहीच जमलं. मग ते घमेलं उलटं घालून त्यावर बसले. साऱ्या भट्ट्यांची तोंडं थोड्याफार फरकानं एवढीच. आज इथे शिरता आलं नाही म्हणजे उद्या कुठेच शिरता येणार नव्हतं, त्यांचा धंदाच संपला होता. ते त्यांना कळलं आणि आम्हालाही. "तोंड फोडून मोठं करतो, मालक," ते हळूच म्हणाले. पण तोंड फोडलं की ते बांधून वाळेपर्यंत दिवाळी गेलीच. सासरे खाली बघत म्हणाले, "दुसरा मिस्त्री बोलवावा लागेल, भाऊ." मला वाटलं, यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं.

तेवढ्यात मिस्त्रीणबाई उठली. तिने काष्टा घट्ट खोचला, डोक्याला फडकं बांधलं आणि नवऱ्याला म्हणाली, "सरका."

"तू? तुले काय समजते वं?"

"तुमी सांगा ना बाहेरून. इतके वर्सं आयकूनच तं राहिली मी."

आणि गेली की आत, कंदील घेऊन, सुळकन! मिस्त्रीभाऊ भट्टीच्या तोंडाशी गुडघे टेकून ओरडायला लागले. "विटेले आंदी पाणी पाज! थापी तिरपी धर! घाई करू नको, घाई करू नको!" आतून आवाज आला, "मांगच्या खेपेले ही वीट तुमी वाकडी बसवली. दिसून राहिली मले." सासऱ्यांना ठसका लागला. मिस्त्रीभाऊंनी लगेच दुप्पट आवाजात पुढची सूचना सोडली.

दिवेलागणीला ती राखेनं काळी होऊन बाहेर आली. "घ्या पाहून," म्हणाली, आणि मग तिलाच उमगलं, पाहणार कसे? डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मिस्त्रीभाऊंनी कधी कोणाला काम ताब्यात दिलं नव्हतं. ते पालथे झोपले, कंदील जाईल तेवढा आत धरला. मागचा घुमट काही दिसेना. सासऱ्यांनी मूठभर पऱ्हाटी हातात घेऊन विचारलं, "काय भाऊ, पेटवायची?" मिस्त्रीभाऊ उठले, अंगावरची राख झटकली आणि एकदा बायकोकडे बघितलं.

"तिनं केलं हाय. पेटवा."

दिवाळी झाली, नानकटाई अशी खुसखुशीत निघाली की विचारू नका. दुसरा एखादा पुरुष त्या काळात रुसून बसला असता, बायकोला पुन्हा घमेल्यापाशी ढकललं असतं. मिस्त्रीभाऊ अमरावतीपर्यंत सांगत सुटले, आता भट्टीत आमची बाई शिरते, माझ्यापेक्षा चांगलं करते. त्यानंतर प्रत्येक कामाला ती आत आणि ते बाहेर, अखंड बोलत. हा माणूस मला तेव्हापासून मनापासून आवडायला लागला, आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितलंही. "उशिरा अक्कल आली अमरावतीले," म्हणाले.

काही वर्षांनी हिवाळ्यात छातीत कफ भरून ते गेले. मे महिना आला. मिस्त्रीणबाई येईल असं सासऱ्यांना वाटत नव्हतं, पण ती आली. डोक्यावर सिमेंटचं पोतं, हातात थापी. एकटीनं सिमेंट कालवलं, एकटीच आत गेली. आतून थापीचा आवाज तेवढा येत होता. मी उगाच दारात घुटमळत राहिले.

एरवी दिवस मावळेपर्यंत चालणारं काम, पण ऊन डोक्यावर असतानाच ती बाहेर आली.

"झालंसुद्धा?" मी विचारलं.

"झालं वैनी. लवकर झालं. मंधात बोलणारंच कोणी नवतं."

तेवढं बोलली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. मीही तिच्या शेजारी त्या थंड भट्टीपुढे बसले आणि मनसोक्त रडून घेतलं.