मोठं माप नाही का?

स्वप्नाला पहिली नोकरी लागली ती बाळांच्या डायपरच्या कंपनीत. साल सत्त्याण्णव असेल. हैदराबादेत तेव्हा नव्या नव्या मालाची दुकानं झगमगू लागली होती आणि या कंपनीला घरोघर जाऊन डायपर दाखवणाऱ्या मुली हव्या होत्या. स्वप्ना बी.ए. झालेली, मराठी, तेलुगू, दख्खनी तिन्ही सफाईनं बोलणारी. नवरा मिलिंद सिकंदराबादला रेल्वेत. सासू पार्वतीबाई घरी शिलाई करायची. नांदेडकडून इथं आलेल्या त्यांच्या घरात पगार आणणारी स्वप्ना पहिलीच बाई. "लेकराच्या मुताची नोकरी गं माय!" म्हणून पार्वतीबाई हसायची, पण सकाळी डबा भरून हातात द्यायची.

स्वप्नाच्या वाट्याला शहरातला बरकतपुरा भाग आला. घंटा वाजवायची, डायपरवर पेलाभर निळं पाणी ओतायचं आणि वरून कागद दाबून तो कोरडा राहतो हे दाखवायचं. बायका कौतुकानं बघायच्या. बऱ्याच जणी मग "आमच्याकडे जुनी धोतरं आहेत की" म्हणून दार लावून घ्यायच्या.

भारतीताईंच्या घरात तर तान्हं बाळच नव्हतं. तरी त्यांनी सगळं शेवटपर्यंत पाहिलं. स्वप्ना पिशवी आवरायला लागली तेव्हा हलक्या आवाजात विचारलं, "यात मोठं माप नाही का?"

"केवढ्या बाळासाठी, ताई?"

भारतीताईंनी आतल्या खोलीकडे पाहिलं. "नऊ वर्षांच्या."

मग बसून सगळं सांगितलं. मेघना, त्यांची एकुलती एक मुलगी, रात्री अंथरूण ओलं करायची. संध्याकाळनंतर पाणी बंद केलं, झोपेतून उठवून पाहिलं, रागावून, क्वचित मारूनही झालं. आता शाळेचा कॅम्प नागार्जुनसागरला जाणार होता आणि मेघनानं बाईंना सांगून टाकलं होतं, मला पाण्याची भीती वाटते, मी येत नाही. पोहण्यात तर ती वर्गात पहिली होती.

स्वप्नानं ऑफिसात विचारलं. साहेब हसले. "बड़े बच्चों को डायपर? कौन लेता?" कोठी बाजारातल्या एका दुकानात म्हाताऱ्या रुग्णांसाठीचे मिळाले, पण ते मेघनाच्या मांडीपाशी इतके सैल बसले की सगळं बाजूनं गळलं. स्वप्ना मात्र हा विषय डोक्यातून काढू शकली नाही. तिनं भारतीताईंना एकच आग्रह केला, "ताई, आधी डॉक्टरांना दाखवा. आम्ही काय, माल विकणारे."

काचीगुड्याच्या डॉक्टरांनी मेघनाला तपासलं, लघवी तपासून घेतली. आजार काही नव्हता. "हिची झोप गाढ आहे, लघवीची पिशवी भरल्याची खबर झोपेत मेंदूपर्यंत पोचत नाही, एवढंच," ते म्हणाले. "वाढेल तसं आपोआप जाईल. दिवसा भरपूर पाणी पिऊ द्या. आणि रागावणं आजपासून बंद. ती मुद्दाम करत नाही." भारतीताई परत येताना रिक्षात मेघनाचा हात धरून बसल्या.

तोवर रात्रीचं काय, हा प्रश्न होताच. स्वप्नानं पार्वतीबाईच्या मशीनवर दोन डायपर कापून जोडले. ते ओले होताच आतले दाणे साबुदाण्यासारखे फुगले आणि शिवणीतून बाहेर सांडले. मग रेनकोटच्या कापडाची चड्डी शिवली. ती गळत नव्हती. स्वप्ना खुशीत घेऊन गेली. मेघना घालून पलंगावर आडवी झाली, एकदा कूस बदलली आणि उठून बसली.

"मावशी, ये नक्को. आवाज येतो."

"कसला आवाज?"

"चुरचुर. कॅम्पात सगळ्या एका लाइनीत झोपणार. मी हलले की सगळ्यांना कळेल ना."

स्वप्नानं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा पार्वतीबाई हसली नाही. चष्मा पुसत म्हणाली, "लेकरू बराबर बोललं. आन इकडं कापड."

दोघींनी मऊ रबरी कापड घेतलं, दोन्ही बाजूंनी फलालैन लावलं, मांडीला हलकं इलॅस्टिक बसवलं. आतून खिसा केला, त्यात कंपनीचाच सगळ्यात मोठा डायपर न कापता सरकवायचा. वरून दिसायला साधी फुलाफुलांची चड्डी. मेघना ती घालून पलंगभर लोळली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "हौ. आता काही नाही."

दुसऱ्या दिवशी ऊन खिडकीत आलं तरी मेघना झोपलेलीच होती. भारतीताईंनी चादरीखाली हात घालून पाहिला, पुन्हा एकदा पाहिला, आणि स्वयंपाकघरात जाऊन शिऱ्याला रवा भाजायला घेतला.

कॅम्पात ओला डायपर टाकायचा कुठं, हे मात्र कुणाला सुचेना. मेघनाच म्हणाली, "मी नीलिमा टीचरना सांगते."

"अगं, शाळेत कशाला सांगायचं?"

"मला एकटीला जमणार नाही ना, आई."

नीलिमा टीचरनी ऐकून घेतलं. "सकाळी सगळ्यांच्या आधी माझ्या खोलीत यायचं. कागद, पिशवी, सगळं तिथं असेल," म्हणाल्या, आणि लगेच विचारलं, "पोहायचा पोशाख आहे ना?" मेघना गेली. एका रात्री थोडं गळलं. सकाळी टीचरनी दुसरी चादर काढून दिली. घरी आल्यावर मेघना दोन दिवस फक्त नावेबद्दल बोलत होती.

भारतीताईंनी आपल्या बहिणीला सांगितलं, बहिणीनं शेजारणीला. पाटी न लावता कामं येत गेली. एक तेलुगू शिक्षिका तर मुलाचं माप घेऊन सिकंदराबादला थेट स्वप्नाच्या घरी आली आणि पार्वतीबाईशी खुणांनीच बोलून ऑर्डर देऊन गेली. स्वप्नानं नोकरी सोडून दुसरं मशीन घेतलं. पुढं मोठ्या मुलांसाठीच्या तयार चड्ड्या दुकानांत मिळू लागल्या, तेव्हा जिला परवडेल तिला ती स्वतःच सांगायची, "त्या घ्या, त्या जास्त शोषतात." तरी प्रवासासाठी तिच्याकडच्या मागणाऱ्या बायका राहिल्याच.

मेघना बारावं लागायच्या आत कोरडी झोपू लागली. नेमकं कधीपासून, ते कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

स्वप्नाची स्वतःची लेक सहा वर्षांची झाली तरी कधीमधी अंथरूण भिजवते. सकाळी ती आपली चादर गोळा करून मोरीतल्या बादलीत टाकते आणि तिथूनच ओरडते, "आजी, मी भिजवली, तू धुशील का मी धुऊ?"

"दोघी धुऊ," म्हणत पार्वतीबाई पदर खोचते.